गुदाशयाचा कॅन्सर: ‘पिशवी लागेल का?’ याच्या पुढचे प्रश्न

गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान सांगितलं, की रुग्णांकडून सर्वांत आधी येणारा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. “डॉक्टर, पोटावर पिशवी लागेल का?” सोबतचे नातेवाईक त्यांना गप्प करतात. “आधी जीव वाचू दे, पिशवीचं काय घेऊन बसलात!” मला मात्र हा प्रश्न कधीच अस्थानी वाटला नाही. माणसाला जगायचं असतं, पण कसं जगायचं हेही त्याला ठरवायचं असतं. या आजारावर गेल्या चाळीस वर्षांत झालेलं बरंचसं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरतं आहे.

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता यायचं. आता तसं देता येत नाही, आणि ही चांगली बातमी आहे. आज उत्तर तुमच्या गाठीवर जितकं अवलंबून आहे तितकंच तुमच्या कामावर, तुमच्या गावावर आणि पुढची काही वर्षं तपासणीला येण्याच्या तुमच्या तयारीवरही आहे. म्हणून संशोधनात काय घडलं हे तुम्हाला साध्या भाषेत माहीत असायला हवं. खाली ज्या रुग्णांचे अनुभव आले आहेत, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गुदाशय म्हणजे नेमकं काय?

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या खाली गुदद्वार असतं. गुदाशयाचं मुख्य काम साठवणीचं. मळ येऊन थांबतो, आपल्याला जाणीव होते, आणि सोयीची जागा मिळेपर्यंत आपण थांबू शकतो. ‘थांबू शकणं’ ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ती क्षमता गेल्याशिवाय कळत नाही.

हा भाग कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत बसलेला आहे. पुढे पुरुषांमध्ये मूत्राशय आणि प्रोस्टेट, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि योनिमार्ग. बाजूने लघवीवर आणि लैंगिक क्रियेवर ताबा ठेवणाऱ्या बारीक नसा जातात. खाली गुदद्वार आवळून धरणारे स्नायू. पोटात वर असलेली आतड्याची गाठ काढणं आणि इथली गाठ काढणं यात फरक पडतो तो या शेजाऱ्यांमुळे.

संडासवाटे रक्त म्हणजे मूळव्याधच, असं नाही

संशोधनाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण उत्तमातले उत्तम उपचार उशिरा आलेल्या रुग्णासाठी अपुरे पडतात. आपल्याकडे शौचावाटे रक्त गेलं की घरातच निदान होतं: मूळव्याध. मग कुणी सुरणाची भाजी सुचवतं, कुणी जडीबुटीचं चूर्ण आणून देतं, तर कुणी बसस्टँडच्या भिंतीवरची जाहिरात वाचून ‘ऑपरेशनशिवाय इलाज’ करून येतं. सहा महिने, वर्ष निघून जातं. स्त्रिया तर त्याबद्दल बोलतच नाहीत.

पुढच्यापैकी काही असेल तर तपासणी करून घ्या: शौचातून वारंवार रक्त किंवा आव जाणं, सवयीत बदल होऊन तो काही आठवडे टिकणं, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना, कारण नसताना वजन उतरणं किंवा रक्त कमी होणं. वय कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. भारतात या कॅन्सरचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा सरासरीने तरुण असतात. ‘सिग्नेट रिंग’ नावाचा आक्रमक प्रकारही आपल्याकडे तुलनेने जास्त दिसतो.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. हातमोजा घालून बोटाने केलेली. तिला एक मिनिटही लागत नाही आणि खालच्या भागातल्या गाठी तिच्यात हाताला लागतात. तुमच्या डॉक्टरांनी ती केली नसेल, तर तुम्ही स्वतः म्हणा, “तपासून बघता का?” त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढे कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीने निदान पक्कं होतं. एमआरआयने गाठ किती खोल गेली आहे ते कळतं, आणि सीटी स्कॅनने ती यकृत किंवा फुप्फुसात पसरली आहे का ते.

आधी प्रश्न होता फक्त जगण्याचा

१९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स या सर्जननी एक शस्त्रक्रिया वर्णन केली. त्यापूर्वी ते गाठ फक्त खालच्या बाजूने काढत असत. अशा ५७ रुग्णांपैकी ५४ जणांना आजार पुन्हा झाल्याचं त्यांनी स्वतःच नोंदवलं. म्हणून त्यांनी पोटाकडून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी जाऊन गुदाशय, गुदद्वार आणि आसपासच्या लसीका ग्रंथी एकत्र काढायला सुरुवात केली. मळ बाहेर पडायला पोटावर कायमचं तोंड. लोक वाचू लागले, पण त्याची किंमत म्हणजे जन्मभराची पिशवी. पुढे अनेक दशकं हाच मुख्य इलाज होता.

दुसरा मोठा टप्पा १९८२चा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावातले सर्जन बिल हील्ड यांनी दाखवलं की गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं आणि कॅन्सरच्या पेशी आधी त्या वेष्टणात पसरतात. हे वेष्टण न फाडता, नैसर्गिक पडद्याच्या रेषेतून, नीट दिसेल अशा पद्धतीने अख्खं काढलं तर त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण खूप कमी होतं. सोललेल्या संत्र्याची फोड पापुद्रा न फाटता वेगळी करावी, तसं काहीसं. या पद्धतीला ‘टीएमई’ म्हणतात. तिच्यामुळे बाजूच्या नसाही वाचवता येऊ लागल्या आणि पुष्कळ रुग्णांमध्ये आतड्याची दोन टोकं पुन्हा जोडता येऊ लागली.

मग रेडिएशन आलं. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी पाच दिवस रेडिएशन दिल्यावर त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. शस्त्रक्रिया टीएमई पद्धतीची असेल तरी रेडिएशनचा उपयोग होतो का, हे नेदरलँड्समधल्या अभ्यासाने २००१मध्ये तपासलं. दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ८.२ टक्के होतं ते २.४ टक्के झालं. २००४मध्ये जर्मनीतल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पक्की केली: रेडिएशन आणि केमो शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी दिलेले बरे. फायदा जास्त, त्रास कमी.

“गाठ दिसतेय तर लगेच कापून का टाकत नाही?” असं तुम्ही विचारता, तेव्हा त्यामागे ही उत्तरं असतात. गाठ खोलवर गेलेली असेल तर आधी रेडिएशन देणं म्हणजे वेळकाढूपणा नव्हे.

गाठ नाहीशी झाली, तर ऑपरेशन कशाला?

शस्त्रक्रियेआधी उपचार सुरू झाले आणि एक विचित्र गोष्ट समोर आली. काही रुग्णांचा काढलेला गुदाशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर त्यात कॅन्सरची एकही पेशी सापडत नव्हती. मग तो काढला कशासाठी?

हा प्रश्न ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या सर्जन डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी धीटपणे विचारला. २००४मध्ये त्यांनी २६५ रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या ७१ जणांची गाठ रेडिएशन आणि केमोनंतर तपासणीत पूर्ण नाहीशी झालेली होती. त्यांचं ऑपरेशन न करता त्यांना काटेकोर देखरेखीखाली ठेवलं होतं, आणि त्यातले बहुतेक जण उत्तम राहिले. तेव्हा जगभरच्या अनेक सर्जननी या कल्पनेवर अविश्वास दाखवला. एका रुग्णालयाच्या अनुभवावर एवढा मोठा निर्णय कसा घ्यायचा, ही शंका रास्तच होती.

म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. २०१८मध्ये १५ देशांतल्या ८८० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत साधारण चारांतल्या एकाची गाठ पुन्हा वाढली. ती जवळजवळ नेहमीच आतड्याच्या भिंतीत, म्हणजे बोटाने आणि दुर्बिणीने सापडेल अशा जागी होती. २०२२मध्ये अमेरिकेतल्या ‘ओप्रा’ नावाच्या अभ्यासात ३२४ रुग्णांना रेडिएशन आणि केमो दोन्ही पूर्ण दिले गेले. ज्यांना आधी रेडिएशन आणि मग केमो दिली, त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होता.

या पद्धतीला ‘वॉच अँड वेट’ म्हणतात: लक्ष ठेवा आणि थांबा. यातलं ‘थांबा’ सगळ्यांना ऐकू येतं. ‘लक्ष ठेवा’ मात्र बऱ्याचदा विरून जातं.

लक्ष ठेवणं हासुद्धा उपचारच

आमच्याकडे कोकणातल्या एका वाडीवरून एक आजी यायच्या. रेडिएशन आणि केमो संपल्यावर तीन महिन्यांनी त्यांची गाठ बोटाला लागेना. दुर्बिणीतून फक्त पांढुरका व्रण दिसला आणि एमआरआयही तेच सांगत होता. मुलगा आनंदाने म्हणाला, “मॅडम, म्हणजे बरी झाली ना आई? आता यायला नको ना?”

मी त्यांना समोर बसवून सांगितलं की आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ऑपरेशन, आणि गाठ फार खाली असल्यामुळे त्यात कायमची पिशवी. दुसरा रस्ता देखरेखीचा. पण तो निवडलात तर पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी यायचं, बोटाची तपासणी, दुर्बीण, ठरलेल्या वेळी एमआरआय आणि सीटी करायचे. पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी. पेरणी असो, गणपती असो, घरात लग्न असो. हे जमणार नसेल तर ऑपरेशन अधिक सुरक्षित.

आजी काही बोलल्या नाहीत. सून म्हणाली, “मी आणीन त्यांना.” घरी जाऊन तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांना लाल गोल केले. प्रत्येक वेळी पहाटेची गाडी पकडून दोघी यायच्या. चौथ्या खेपेला माझ्या बोटाला व्रणाच्या कडेला एक टणक कण लागला. आजींना काहीच त्रास नव्हता. रक्त नाही, दुखणं नाही. बायोप्सीत कॅन्सर निघाला. गाठ पुरती काढता येण्यासारखी होती, आणि ती पुरती काढली. पिशवी लागली. या गोष्टीला आता पाच वर्षं होऊन गेली.

तुम्ही म्हणाल, मग फायदा काय झाला? शेवटी पिशवी लागलीच ना? मला विचाराल तर आजींच्या बाबतीत देखरेखीने आपलं काम चोख बजावलं. गाठ परतू शकते हे आधीच ठाऊक होतं. परतली, तेव्हा ती वेळेत सापडली. त्या लाल गोलांऐवजी ‘काही त्रास झाला तर बघू’ असं ठरलं असतं, तर त्रास व्हायला लागेपर्यंत आजार कुठे पोहोचला असता हे सांगता येत नाही. अभ्यासांत दिसलेले चांगले निकाल हे ठरल्या तारखेला तपासणीला येणाऱ्या रुग्णांचे आहेत. तारखा चुकवल्या तर ते आकडे तुम्हाला लागू होत नाहीत.

त्यामुळे निवडण्याआधी स्वतःला विचारा: रुग्णालय किती लांब आहे? भाड्याचे पैसे, रजा, सोबत येणारं माणूस यांची सोय आहे का? हे प्रश्न वैद्यकीय नाहीत असं वाटतं, पण उपचार ठरवताना त्यांना एमआरआयइतकंच महत्त्व आहे.

‘कॅन्सर गायब करणारं इंजेक्शन’

२०२२मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी फिरली. न्यूयॉर्कमधल्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १२ रुग्णांना एक औषध दिलं आणि सगळ्यांच्या गाठी नाहीशा झाल्या. बातमी खरी होती. औषधाचं नाव डोस्टारलिमॅब. ही इम्युनोथेरपी आहे, म्हणजे ती शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरच्या पेशी ओळखायला लावते. दर तीन आठवड्यांनी, असं सहा महिने औषध दिलं गेलं. २०२५मध्ये अशा ४९ रुग्णांचे निकाल आले, तेव्हाही उपचार पूर्ण केलेल्या सर्वांच्या गाठी गेल्या होत्या. रेडिएशन नाही, ऑपरेशन नाही.

मात्र फिरत्या मेसेजमधून एक ओळ गळाली होती. हे सगळे रुग्ण एका विशिष्ट प्रकारच्या गाठीचे होते. आपल्या पेशींमध्ये जनुकांतल्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा असते. ती ज्या गाठींमध्ये बिघडलेली असते, त्यांच्यावरच हे औषध असं काम करतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच ते दहा असतात. उरलेल्या नव्वदहून अधिक जणांनी या बातमीच्या भरवशावर उपचार लांबवले, तर नुकसान त्यांचंच.

यातून करण्यासारखी गोष्ट एकच: बायोप्सीच्या तुकड्यावर ‘एमएमआर’ तपासणी झाली आहे का, हे विचारा. ती उपचार सुरू होण्याआधी व्हायला हवी. तुम्ही त्या पाच-दहा जणांत असाल, तर तुमचा सगळा रस्ताच बदलू शकतो. शिवाय हा बिघाड काही घराण्यांत आनुवंशिक असतो, त्यामुळे भावंडांच्या आणि मुलांच्या तपासणीचाही निर्णय घेता येतो.

रेडिएशन प्रत्येकालाच हवं का?

रेडिएशनची किंमतही असते. तरुण स्त्रीमध्ये बीजांडकोश काम करेनासे होऊन पाळी कायमची थांबू शकते आणि गर्भधारणेची शक्यता संपू शकते. पुढे आतड्याच्या, लघवीच्या आणि लैंगिक तक्रारीही राहू शकतात. २०२३मध्ये ‘प्रॉस्पेक्ट’ नावाच्या अभ्यासाने अकराशेहून अधिक रुग्णांमध्ये पाहिलं, की गाठ फार खाली नसेल आणि फार पसरलेली नसेल, तर आधी फक्त केमो देऊन चालेल का. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, ८० टक्क्यांच्या आसपास, निघालं. केमोच्या गटातल्या दहांपैकी नऊ जणांना ऑपरेशनआधी रेडिएशन लागलंच नाही.

तुम्हाला पुढे मूल हवं असेल, तर ते उपचार सुरू होण्याच्या आधी सांगा. आईवडील किंवा सासूसासरे समोर बसलेले असतात म्हणून मुली हा विषय काढत नाहीत. मी म्हणूनच त्यांच्याशी दोन मिनिटं एकटीशी बोलते. तुमच्या डॉक्टरांकडे तुम्हीही तसा वेळ मागू शकता.

आणि नवीन ते सगळंच चांगलं, असंही समजू नका. ‘रॅपिडो’ नावाच्या मोठ्या अभ्यासात कमी दिवसांचं रेडिएशन आणि त्यानंतर केमो दिल्यावर दुप्पट रुग्णांच्या गाठी पूर्ण नाहीशा झालेल्या आढळल्या. सगळ्यांना आनंद झाला. पण पाच वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण या गटात सुमारे १० टक्के आणि जुन्या पद्धतीच्या गटात ६ टक्के निघालं. म्हणून कुठल्याही नव्या उपचाराबद्दल विचारा: किती रुग्णांवर, आणि किती वर्षांनंतरचा हा निकाल आहे?

पिशवी टळली, पुढे काय?

आता मूळ प्रश्नाची दुसरी बाजू. गुदाशय काढून आतडं खाली जोडलं, पिशवी टळली, म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं का? पुष्कळांना होतं. पण साठवणीची जागाच गेलेली असते, त्यामुळे अनेकांना दिवसातून खूप वेळा जावं लागतं, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं, घाई होते, वायू किंवा पातळ मळ नकळत सुटतो. या तक्रारींच्या समूहाला ‘लार्स’ म्हणतात. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२मध्ये तो मोजण्यासाठी पाच साध्या प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. वेगवेगळे अभ्यास एकत्र पाहिले तर दहांतल्या साधारण चार जणांना हा त्रास तीव्र स्वरूपात होतो. गाठ जितकी खाली आणि रेडिएशन दिलेलं असेल, तितका धोका जास्त.

पन्नाशीच्या आतले एक एसटी कंडक्टर आठवतात. गाठ अगदी खाली. आतडं जोडणं तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं, पण तीव्र लार्सची शक्यता मोठी होती. त्यांचा हट्ट होता, “काहीही करा, पिशवी नको.” मी त्यांना त्यांच्या ड्यूटीबद्दल विचारलं. पाच तासांचा पल्ला, मधे एक थांबा, भरलेली गाडी. दिवसात दहा-बारा वेळा आणि पाच मिनिटंही न थांबता येणारी घाई झाली तर काय करणार? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गाडी थांबवता येत नाही हो, मॅडम.” पिशवी घेऊन सात-आठ वर्षं काम करणाऱ्या एका रुग्णाशी आम्ही त्यांची गाठ घालून दिली. त्यांनी कायमची पिशवी निवडली आणि सहा महिन्यांनी कामावर गेले. घरी बसून काम करणाऱ्या दुसऱ्या कुणी उलट निर्णय घेतला असता, आणि तोही बरोबरच ठरला असता.

आतडं जोडलेलं असेल आणि लार्सचा त्रास होत असेल, तर ‘ऑपरेशन झालंय, असं चालायचंच’ म्हणून सहन करत बसू नका. इसबगोल, मळ घट्ट करणाऱ्या गोळ्या, आहारातले बदल, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, गुदद्वारावाटे पाण्याने आतडं धुण्याची पद्धत, असे उपाय आहेत. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ सुधारणाही होते. लघवीच्या किंवा लैंगिक तक्रारींचंही तेच. तुम्ही सांगितलं तरच आम्हाला कळतं.

पिशवीबद्दल थोडं

पिशवी दोन प्रकारची असते. खालचा जोड भरून येईपर्यंत काही महिन्यांसाठी लहान आतड्याचं तोंड पोटावर आणतात. ती बहुतेकांची बंद होते, पण काहींची बंद करता येत नाही, हे आधीच माहीत असावं. दुसरी मोठ्या आतड्याची, कायमची.

लहान आतड्याच्या पिशवीत पाणी आणि मीठ भराभर बाहेर पडतं. उन्हाळ्यात आणि उपवासाच्या दिवसांत असे रुग्ण मूत्रपिंडावर ताण येऊन दाखल होतात. निर्जळी उपवास या काळात नकोच. पिशवी नेहमीपेक्षा जास्त वेळा भरत असेल, तोंड कोरडं पडत असेल, लघवी कमी होत असेल, तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएस सुरू करा आणि लगेच फोन करा. पहिले काही आठवडे शेंगदाणे, खोबरं, मक्याचे दाणे टाळा किंवा खूप चावून खा, नाहीतर तोंडाशी अडकतात.

पिशवीचं तोंड पोटावर कुठे असावं, ही खूण ऑपरेशनच्या आधी, तुम्हाला बसवून, उभं करून, वाकवून करायला हवी. साडीचा निऱ्यांचा पट्टा किंवा पँटचा पट्टा नेमका त्यावर आला तर रोजचा त्रास होतो. काही मोठ्या रुग्णालयांत यासाठी प्रशिक्षित परिचारिका असतात. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पिशवीधारकांसाठी काम करणारी संस्था आहे. डॉक्टरांच्या तासाभराच्या समजावण्यापेक्षा पिशवी लावून मजेत फिरणारा एक माणूस जास्त धीर देतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

“आमच्यावर प्रयोग करणार का?”

संशोधनात भाग घेणार का, असं विचारलं की घरचे हाच प्रश्न करतात. भीती समजण्यासारखी आहे. पण वर आलेला प्रत्येक आकडा कुणीतरी ‘हो’ म्हटल्यामुळे आपल्याला मिळाला आहे. आजींना आम्ही दुसरा रस्ता देऊ शकलो, तो आधी ब्राझीलमध्ये, युरोपात, अमेरिकेत देखरेखीखाली राहायला तयार झालेल्या रुग्णांमुळे. आपल्याकडची माणसं तरुण, त्यांच्या गाठींचे प्रकार थोडे वेगळे, त्यांची अंतरं लांब. त्यांच्यासाठी काय योग्य, हे इथल्याच अभ्यासांतून कळेल.

भाग घ्यायचा की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. अभ्यासाला नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, आणि औषधांच्या चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे का, ते विचारा. अशी नोंद २००९पासून बंधनकारक आहे. तुम्ही कधीही बाहेर पडू शकता आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

डॉक्टरांना विचारण्यासाठी

पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. माझी गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटर वर आहे? एमआरआय काय सांगतो?
२. बायोप्सीवर एमएमआर तपासणी झाली आहे का?
३. माझी केस सर्जन, रेडिएशन आणि केमोच्या डॉक्टरांनी एकत्र बसून पाहिली आहे का?
४. मला रेडिएशन कशासाठी हवं? त्याशिवाय चालेल का?
५. गाठ पूर्ण गेली तर देखरेखीचा पर्याय आहे का? त्याच्या तारखा कोणत्या, आणि तपासणी इथेच होईल का?
६. आतडं जोडलं तर माझं शौचाचं वेळापत्रक साधारण कसं असेल?
७. पिशवी लागली तर खूण कोण करेल, ती वापरायला कोण शिकवेल?

यासोबत आणखी एक कागद न्या, तुमच्याबद्दलचा. तुम्ही काय काम करता, घरापासून रुग्णालय किती लांब आहे, सोबत कोण येऊ शकतं, मूल हवं आहे का, कुठली गोष्ट अजिबात सोसणार नाही आणि कुठली चालवून घ्याल. संशोधनातले आकडे आम्ही आणतो. हा दुसरा कागद फक्त तुम्हीच लिहू शकता, आणि तो समोर असल्याशिवाय आम्हाला तुमच्यासाठी योग्य उपचार ठरवता येत नाही.